वाचकांचे प्रश्न : प्रयोगशाळेचा अहवाल काय सांगतो आणि काय सांगत नाही

न्यायसहायक विज्ञानाविषयी (फॉरेन्सिक सायन्सविषयी) प्रश्न पाठवा, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. पत्रे अपेक्षेपेक्षा बरीच जास्त आली. काही पत्रांत कुतूहल आहे, काहींत घरातल्या माणसाच्या मृत्यूचे दुःख आहे, आणि काहींत प्रयोगशाळेविषयीचा रागही आहे. विषशास्त्र विभागात नोकरीची वर्षे घालवलेल्या माणसाला यांतली कोणतीच भावना परकी नाही. पत्रलेखकांची नावे न छापता निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. ज्या प्रश्नांची उत्तरे सविस्तर द्यायला हवीत त्यांना जागा अधिक दिली आहे.

प्रश्न : माझा पुतण्या गेल्या पावसाळ्यात गावाजवळच्या बंद पडलेल्या चिऱ्यांच्या खाणीत बुडून गेला. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) शवचिकित्सा झाली, पण डॉक्टरांनी मृत्यूचे कारण राखून ठेवले आणि व्हिसेरा प्रयोगशाळेकडे पाठवला. अजून अहवाल नाही. मृतदेह समोर असताना डॉक्टरांना कारण का सांगता आले नाही? प्रयोगशाळा इतके महिने काय करते?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या पत्रातील वेदना मला समजते. तिची भरपाई माझ्या उत्तराने होणार नाही, तरी काय चालले आहे हे कळले तर वाट पाहणे थोडे सुसह्य होईल, या आशेने सविस्तर लिहितो.

या कामात दोन वेगळी माणसे असतात आणि त्यांची गल्लत नेहमी होते. बांबोळीला शवचिकित्सा करणारे न्यायवैद्यक विभागाचे डॉक्टर मृतदेह पाहतात, जखमा पाहतात, फुप्फुसांची अवस्था पाहतात. प्रयोगशाळेतला वैज्ञानिक मृतदेह कधीच पाहत नाही. त्याच्या टेबलावर येतात त्या लाखेने सीलबंद केलेल्या बरण्या, एक नमुना-सील आणि पोलिसांचे पत्र. मृत्यूचे कारण सांगण्याचा अधिकार आणि जबाबदारी डॉक्टरांची. वैज्ञानिक फक्त एवढेच सांगतो, की या बरणीतल्या अवयवांत अमुक द्रव्य सापडले किंवा सापडले नाही.

बुडून झालेला मृत्यू हा न्यायवैद्यकातला अवघड विषय आहे, कारण त्याची निर्विवाद अशी एकच एक खूण नसते. मृतदेह पाण्यात सापडला याचा अर्थ माणूस पाण्यातच मेला असा होत नाही. त्याला फेफरे आले असेल, त्याने मद्य घेतले असेल, कोणी आधी मारून टाकले असेल, किंवा पाण्याजवळ जाण्यापूर्वी पोटात काही गेले असेल. म्हणून डॉक्टर बुडण्याची लक्षणे दिसत असतानाही रासायनिक तपासणीचे दार उघडे ठेवतात. कारण राखून ठेवणे ही टाळाटाळ नव्हे. मी तर असे म्हणेन, की घाईने एक ओळ लिहून मोकळे होणाऱ्यापेक्षा असे लिहिणारे डॉक्टर आपल्या पुतण्याशी अधिक प्रामाणिक राहिले आहेत.

व्हिसेरा म्हणजे साधारणपणे जठर आणि त्यातला ऐवज, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा भाग आणि दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग. हे अवयव बहुधा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. रक्त वेगळ्या कुपीत घेतात. मद्याची तपासणी करायची असेल तर त्या कुपीत सोडियम फ्लोराइड घालावे लागते, नाहीतर कुपीतल्या कुपीत जिवाणू मद्याचे प्रमाण बदलून टाकतात. मृतदेह पाण्यात एक-दोन दिवस राहिला असेल तर कुजण्याच्या प्रक्रियेतही शरीरात थोडे मद्यार्क तयार होते. अशा रक्तात अल्प प्रमाण आढळले म्हणून ‘तो प्यायलेला होता’ असे म्हणणे चूक आहे, आणि त्या एका चुकीने मेलेल्या मुलाची आणि त्याच्या घराची अब्रू जाते. ही काळजी घेणे वैज्ञानिकाच्या कर्तव्यातच मोडते.

बरणी उघडण्याआधी सील अखंड आहे का आणि ते नमुना-सीलशी जुळते का, हे पाहिले जाते. न जुळल्यास मुद्देमाल परत जातो, कारण तपासणी कितीही उत्तम झाली तरी न्यायालयात तिला किंमत उरत नाही. त्यानंतर खरे काम सुरू होते. ‘विष आहे का’ हा प्रश्न ऐकायला एक वाटतो, पण प्रत्यक्षात तो अनेक प्रश्नांचा गठ्ठा असतो. बाष्पनशील द्रव्ये, कीटकनाशके, झोपेची औषधे, धातूंची विषे, वनस्पतींची विषे, यांतील प्रत्येक गट अवयवांतून वेगळ्या पद्धतीने काढावा लागतो. आधी सोप्या चाचण्यांनी चाळणी लावायची, मग जे संशयास्पद वाटेल ते गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या, म्हणजे द्रव्ये वेगळी करून ओळखणाऱ्या, यंत्रावर निश्चित करायचे, असा तो क्रम आहे. घटनास्थळी औषधाची पुडी किंवा बाटली मिळाली होती का, त्या मुलाला कोणती गोळी चालू होती का, एवढी माहिती पोलिसांच्या पत्रात असेल तर कित्येक दिवस वाचतात. दुर्दैवाने अनेक पत्रांत ‘विष आहे की नाही ते कळवावे’ एवढीच ओळ असते.

बुडण्याच्या संशयात आणखी एक तपासणी होते, तिचे नाव डायटम चाचणी. डायटम म्हणजे पाण्यातील एकपेशीय शैवाले. त्यांचे कवच सिलिकाचे असते आणि तीव्र नायट्रिक आम्लातही ते विरघळत नाही. माणूस जिवंतपणी बुडाला आणि श्वासाबरोबर पाणी आत गेले, तर ही शैवाले फुप्फुसांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्तात शिरतात आणि हृदय चालू असेपर्यंत मांडीच्या हाडातील मज्जेपर्यंत पोहोचू शकतात. मृतदेह नंतर पाण्यात टाकला असेल तर रक्ताभिसरण थांबलेले असते, त्यामुळे फुप्फुसात पाणी शिरले तरी ती मज्जेत पोहोचत नाहीत. म्हणून मज्जा आम्लात विरघळवून, उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, त्यातील डायटमच्या जाती खाणीतल्या पाण्यातल्या जातींशी ताडून पाहतात. यासाठी त्याच खाणीतल्या पाण्याचा नमुना वेळेवर घेतलेला असावा लागतो. पावसात खाणीतले पाणी रोज बदलते, आणि महिन्याभराने घेतलेले पाणी त्या दिवसाचे पाणी राहत नाही. डायटम न सापडणे म्हणजे बुडणे नव्हे, असाही निष्कर्ष निघत नाही, कारण काही मृत्यूंत पाणी फुप्फुसांत फारसे जातच नाही. बुडण्याचा निर्णय या एका चाचणीवर कोणी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उशिराचे मोठे कारण रांग हे आहे. आरोपी कोठडीत असलेली प्रकरणे पुढे घ्यावी लागतात आणि आपल्यासारख्यांची बरणी मागे राहते. ही व्यवस्थेची उणीव आहे आणि मी तिचे समर्थन करणार नाही. आपण मात्र प्रयोगशाळेला फोन करण्याऐवजी ज्या पोलीस ठाण्यात अनैसर्गिक मृत्यूची नोंद आहे तेथील तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, त्यात नोंद क्रमांक लिहा, आणि अहवाल लवकर मिळावा म्हणून स्मरणपत्र पाठवण्याची विनंती करा. प्रयोगशाळेतला माणूस आपल्याशी बोलणार नाही. कृपया तो तुसडेपणा समजू नका. प्रकरणातल्या कोणत्याही पक्षाशी परस्पर न बोलणे हा त्याच्या कामाचा नियम आहे आणि तो आपल्याही हिताचा आहे. अहवाल आला की तो डॉक्टरांकडे जाईल आणि त्यानंतर ते अंतिम मत देतील.

प्रश्न : किनारी भागात छापा पडला की दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात ‘अमुक लाखांचे कोकेन जप्त’ असे छापून येते. इतक्या लवकर ते कोकेन आहे हे कसे कळते? आणि प्रयोगशाळेचे काम मग उरते काय?
— एक नवोदित वकील, म्हापसा

उत्तर : छाप्याच्या जागी पोलिसांकडे चाचणीची पेटी असते. त्यातील रसायनाच्या थेंबात संशयित पूड टाकली की रंग येतो. तो रंग संशयाला आधार देतो, पण सिद्धता देत नाही, कारण एकच रंग अनेक निरुपद्रवी पदार्थांनीही येऊ शकतो. प्रयोगशाळेत द्रव्याची ओळख यंत्रावर, ज्ञात प्रमाण-द्रव्याशी तुलना करून पटवावी लागते. या दोन टप्प्यांच्या मधल्या काळात एखाद्या माणसाचे नाव गावभर झालेले असते. वृत्तपत्रांनी ‘संशयित अमली पदार्थ’ एवढे दोन-तीन शब्द वापरण्याची सवय लावून घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपण वकील आहात म्हणून वजनाकडे लक्ष वेधतो. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात शिक्षा आणि जामीन दोन्ही प्रमाणावर अवलंबून असतात. गांजाचे अल्प प्रमाण १ किलोपर्यंत आणि व्यावसायिक प्रमाण २० किलोंहून अधिक धरतात. चरससाठी हेच आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो, कोकेनसाठी २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम, एमडीएमएसाठी अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅम. एलएसडीच्या बाबतीत व्यावसायिक प्रमाण ०.१ ग्रॅम आहे, म्हणजे चिमटीत मावणाऱ्या कागदाच्या तुकड्यांवर माणसाची कैक वर्षे ठरू शकतात. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने असा निर्णय दिला, की मिश्रणातल्या शुद्ध द्रव्याचेच नव्हे तर त्यातील भेसळीसह पूर्ण मिश्रणाचे वजन धरायचे. त्यामुळे तराजू कधी प्रमाणित केला होता, पुडीसह वजन केले की पुडी वगळून केले, नमुना दंडाधिकाऱ्यांसमोर कलम ५२-अ प्रमाणे घेतला का, आणि त्या नमुन्याचे वजन प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत जुळते का, हे प्रश्न तपशिलाचे वाटले तरी प्रकरणाचा कणा तेच आहेत. ओलसर गांजा सुकला की वजन घटते, आणि गोव्याच्या जूनमधल्या दमट हवेत गोदामात ठेवलेल्या सुक्या मालाचे वजन वाढूही शकते. चांगला विश्लेषक हा फरक स्वतःहून नोंदवतो. त्याने तो नोंदवला नसेल तर आपण विचारा.

प्रश्न : प्रयोगशाळा सरकारची, पोलीस सरकारचे, खटला चालवणारेही सरकार. मग वैज्ञानिक कोणाच्या बाजूचा? त्याच्यावर दबाव येत नाही का?
— एक निवृत्त शिक्षक, मडगाव

उत्तर : हा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि या व्यवसायात असणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला वरचेवर विचारायला हवा.

कायद्याची भूमिका अशी, की शासकीय वैज्ञानिक तज्ज्ञाचा अहवाल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे त्याची साक्ष न घेताही पुरावा म्हणून वाचता येतो, आणि न्यायालयाला आवश्यक वाटल्यास त्याला बोलावून तपासता येते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम २९३ होते. साक्षीशिवाय कागद स्वीकारला जाणे ही फार मोठी सवलत आहे, आणि जेवढी सवलत मोठी तेवढी लिहिणाऱ्याची जबाबदारी मोठी. तज्ज्ञाचे मत हे मतच असते. निर्णय न्यायाधीशांचा असतो. वैज्ञानिकाची निष्ठा पोलिसांशी नसते आणि कुटुंबीयांशीही नसते. ती समोरच्या नमुन्याशी आणि तो अहवाल वाचणाऱ्या न्यायालयाशी असते.

दबाव येतो का? उघड धमकी किंवा लाच यांची भीती सर्वांना वाटते, पण मला त्याहून अधिक भीती वाटते ती शांतपणे आत शिरणाऱ्या दबावाची. ‘आरोपीने कबुली दिली आहे, तुम्ही फक्त रक्त जुळवून द्या’ असे एक वाक्य पत्रासोबत आले की तपासणाऱ्याची नजर नकळत जुळण्याकडे झुकते. २००४मध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांतील बॉम्बस्फोटांनंतर स्फोटकांच्या पिशवीवरील एक ठसा अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या एका वकिलाचा आहे, असे एफबीआयच्या अनुभवी तज्ज्ञांनी ठामपणे सांगितले. एकामागून एक तज्ज्ञांनी त्यास दुजोरा दिला. त्या वकिलाला अटकही झाली. पुढे स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवून दिले आणि एफबीआयला माफी मागावी लागली. त्या तज्ज्ञांपैकी कोणी खोटे बोलले नव्हते. पहिल्याचा निष्कर्ष माहीत असताना दुसऱ्याने तपासले, आणि दुसऱ्याचा माहीत असताना तिसऱ्याने. म्हणूनच दुसऱ्या तपासनीसाला पहिल्याचे मत कळू न देता नमुना द्यावा, असा आग्रह आता जगभर धरला जातो. आपल्याकडे कामाचा भार पाहता तो नेहमी पाळला जाईल असे नाही, पण निदान फाशी किंवा जन्मठेपेच्या प्रकरणांत तो पाळला गेलाच पाहिजे.

प्रत्यक्ष अप्रामाणिकपणाचेही उदाहरण आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका सरकारी प्रयोगशाळेत अमली पदार्थ तपासणारी एक विश्लेषक वर्षानुवर्षे अनेक नमुने न तपासताच निकाल लिहीत होती. तिचे काम इतरांपेक्षा कितीतरी पट वेगाने होते म्हणून तिचे कौतुकही होत असे. २०१२मध्ये हा प्रकार उघडकीस आला, आणि २०१७मध्ये तिने हाताळलेले २१,०००हून अधिक खटले रद्द करावे लागले. त्यांतले काही आरोपी खरोखर दोषी असतील, काही निर्दोष असूनही तुरुंगात राहिले असतील; आता ते वेगळे करता येत नाही. प्रयोगशाळांना ‘किती प्रकरणे निकाली काढली’ एवढेच विचारणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

उपाय आहेत आणि ते फार गूढ नाहीत. प्रत्येक नमुन्यासोबत कोरा नमुना (ज्यात शोधायचे द्रव्य नाही) आणि ज्ञात नमुना (ज्यात ते नक्की आहे) चालवावा. यंत्राची मूळ नोंद जपून ठेवावी, म्हणजे बचाव पक्षाच्या तज्ज्ञाला ती तपासता येईल. प्रयोगशाळेने चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता घ्यावी. आणि ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असे लिहिणाऱ्याच्या पाठीशी वरिष्ठांनी उभे राहावे. या वाक्याला आपल्याकडे अपयश मानतात. माझ्या मते वैज्ञानिकाच्या सचोटीची खरी कसोटी तेच वाक्य लिहिताना लागते, कारण त्या वेळी पोलीस नाराज होतात, कुटुंब नाराज होते आणि वृत्तपत्रही नाराज होते.

प्रश्न : आमच्या वडिलोपार्जित जमिनीवर कोणीतरी पोर्तुगीज काळातले विक्रीपत्र पुढे करून हक्क सांगत आहे. तो कागद खोटा आहे अशी आमची खात्री आहे. प्रयोगशाळा कागदाचे वय सांगू शकते का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : गोव्यात अशा तक्रारी इतक्या वाढल्या, की २०२२मध्ये जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी पोलिसांचे विशेष तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायमूर्तींचा आयोगही बसला. त्यामुळे आपला प्रश्न अनेकांचा आहे.

‘हा कागद अमुक वर्षाचा आहे’ असे छातीठोकपणे सांगणे बहुतेक वेळा शक्य नसते. ‘हा कागद त्या वर्षाचा असू शकत नाही’ हे मात्र पुष्कळदा सांगता येते. साधारण १९५० नंतर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात उजळपणा आणणारी रसायने घालू लागले. असा कागद अतिनील प्रकाशात निळसर चमकतो. १९२५ची तारीख घातलेला कागद असा चमकला तर तो दस्तऐवज गोत्यात आला. १९५८चा कागद चमकला तर तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि हे दुसरे वाक्यही अहवालात आले पाहिजे. बॉलपेन १९४०च्या दशकात बाजारात आले, तेव्हा त्यापूर्वीच्या तारखेखाली बॉलपेनची सही असेल तर वेगळ्या तपासणीची गरजच नाही. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागद भिंगाखाली ओळखू येतो, कारण खऱ्या जुन्या कागदाचा रंग कडांकडून आत बदलत जातो, आणि बुडवलेल्या कागदाच्या घड्यांत व तंतूंत तो साचून बसतो. शिक्क्याची शाई सहीच्या वर आहे की खाली, टंकलेखन यंत्राच्या अक्षरांची झीज त्या कार्यालयाच्या इतर कागदांशी जुळते का, हेही पाहतात. खोटी सही बहुधा सावकाश काढलेली असते. रेषेचा वेग मरतो, मध्येच लेखणी उचललेली दिसते, शेवट बोथट होतो.

यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे मूळ कागद. झेरॉक्सवरून शाई, दाब, रेषेचा वेग यांतले काहीही नीट कळत नाही. दुसरी म्हणजे त्या माणसाच्या त्याच काळातल्या, निर्विवाद सह्या. आजोबांनी तिसाव्या वर्षी केलेल्या सहीची तुलना सत्तराव्या वर्षीच्या सहीशी करू नये. चर्चची किंवा कोमुनिदादची (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची) वही, जुने पासपोर्ट, शाळेचे दाखले, देवस्थानच्या सभांची इतिवृत्ते असे काही घरात किंवा गावात आहे का ते शोधा.

सर्वांत मोलाची गोष्ट मात्र प्रयोगशाळेबाहेर आहे. पोर्तुगीज पद्धतीत विक्रीपत्र नोटरीच्या वहीत लिहिले जाई आणि पक्षकारांना त्याची प्रमाणित प्रत मिळे. तेव्हा पुराभिलेख खात्यात ती वही, ते पान आणि त्याच्या मागची-पुढची पाने पाहण्यासाठी अर्ज करा. पान मागाहून घुसडलेले असेल तर शिवण, पृष्ठक्रमांक आणि शाई बोलतात. मजकुराकडेही लक्ष द्या. एस्कुदो हे चलन गोव्यात १९५०च्या दशकाच्या अखेरीस आले, त्याआधी येथे रुपिया चालत असे. १९४०च्या कागदात किंमत एस्कुदोत लिहिलेली आढळली तर आपल्या वकिलांना ती जरूर दाखवा. असा दोष रसायनतज्ज्ञाला दिसणार नाही, जुने पोर्तुगीज कागद वाचणाऱ्या जाणत्या माणसाला दिसेल.

प्रश्न : घरफोडी झाल्यास पोलीस येईपर्यंत आम्ही काय करावे?
— एक गृहिणी, वास्को

उत्तर : घराबाहेर थांबावे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही आत येऊ देऊ नये. कपाट उघडून काय गेले ते पाहण्याची ओढ अनावर असते, पण दार, कडी, काच आणि कपाटाची मूठ यांवरच ठसे असतात. केर काढू नये, फरशी पुसू नये, पंखा लावू नये. पाऊस असेल तर अंगणातल्या पावलांच्या ठशांवर बादली किंवा टोप पालथा घालून ठेवावा.

हाच नियम याहून गंभीर प्रसंगी अधिक महत्त्वाचा आहे. लैंगिक अत्याचाराची घटना घडली असेल तर पीडितेने शक्य असल्यास अंघोळ न करता आणि कपडे न धुता लवकरात लवकर रुग्णालय गाठावे. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत; आपल्या हवेत ओल राहून एका दिवसात बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. कागदी पिशवी किंवा जुने वर्तमानपत्र चालेल. वैद्यकीय तपासणीसाठी पीडितेची संमती लागते, आणि उपचार मोफत देणे सरकारी व खासगी अशा सर्व रुग्णालयांवर बंधनकारक आहे. अंघोळ झाली असेल, कपडे धुतले असतील, तरीही जावे. पुरावा पूर्णपणे जातोच असे नाही, आणि उपचारांची गरज तर असतेच.

प्रश्न : नार्को चाचणी केली की गुन्हेगार आपोआप खरे बोलतो. मग सर्वांचीच ती का करत नाहीत?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, केपे

उत्तर : कारण तो खरेच बोलेल याची खात्री नाही. औषधाने आणलेल्या गुंगीत माणूस मोकळेपणाने बोलतो, पण त्या बोलण्यात आठवण, कल्पना आणि विचारणाऱ्याने सुचवलेले यांची सरमिसळ होते. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींची चाचणी संबंधित व्यक्तीच्या संमतीशिवाय करता येणार नाही. संमतीने केली तरी त्यातले निष्कर्ष थेट पुरावा ठरत नाहीत. त्यातून एखादी वस्तू वगैरे सापडली तर तिचा विचार होऊ शकतो. मला हा निर्णय योग्य वाटतो.

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे आणि तिला न्यायसहायक विज्ञान शिकायचे आहे. गोव्यात सोय आहे का? पुढे नोकरी मिळते का? हे काम मुलींना झेपेल का?
— एक पालक, फोंडा

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. झेपेल. माझ्या परिचयातल्या उत्तम विश्लेषकांत स्त्रिया अनेक आहेत. या कामाला जी चिकाटी आणि नोंदी ठेवण्याची शिस्त लागते, ती मुलगा-मुलगी पाहून येत नाही.

सोय आपल्या दारातच आहे. संसदेच्या २०२०च्या कायद्याने राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय गांधीनगरला आहे, आणि गोव्यातला परिसर आपल्या फोंड्याजवळ कुर्टीला सुरू झाला. धारबांदोड्यातील संकुलाची पायाभरणी ऑक्टोबर २०२१मध्ये झाली. अभ्यासक्रम आणि प्रवेशाच्या अटी दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या विद्यापीठाकडूनच पाहून घ्या. मात्र पदवीला हाच विषय घेणे अनिवार्य आहे, अशी समजूत करून घेऊ नका. रसायनशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र यांतली भक्कम पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण घेतलेली माणसेही प्रयोगशाळांत मोठ्या संख्येने आहेत. माझा कल मूळ विज्ञान आधी पक्के करण्याकडे आहे. यंत्रे बदलतात, रेणूंचे वागणे बदलत नाही.

नोकरीविषयी सांगायचे तर मागणी वाढणार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्याचे चित्रीकरण करायचे आहे. हे लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. पूर्वी गोव्यातले नमुने हैदराबादसारख्या ठिकाणच्या केंद्रीय प्रयोगशाळांत पाठवावे लागत. आता वेर्ण्याला राज्याची प्रयोगशाळा आहे. तरीही राज्य लहान आहे, जागा मोजक्या निघतील, तेव्हा महाराष्ट्र, कर्नाटक आणि केंद्रीय प्रयोगशाळांच्या जाहिरातींकडेही लक्ष ठेवावे. बँका, विमा कंपन्या आणि सायबर सुरक्षेच्या क्षेत्रातही या शिक्षणाला वाव आहे.

मुलीला एक मात्र आत्ताच सांगा. मालिकांत दाखवतात तसे तासाभरात गुन्हेगार सापडत नाही, आणि प्रयोगशाळेतल्या माणसाने गुन्हेगार शोधायचाही नसतो. दिवसाचा मोठा भाग बरण्यांवर क्रमांक घालण्यात, सील तपासण्यात, यंत्र प्रमाणित करण्यात आणि नोंदवही लिहिण्यात जातो. वास येतो. कुजलेल्या अवयवांचा, रक्ताने कडक झालेल्या शाळेच्या गणवेशाचा वास काही दिवस नाकातून जात नाही. त्याविषयी सहकाऱ्यांशी मोकळेपणाने बोलता आले पाहिजे. मन घट्ट करून गप्प बसणाऱ्यांना पुढे त्रास होतो. आणि वर्षा-दोन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, न्यायालयाचे समन्स येते. तेव्हा पिंजऱ्यात उभे राहून, आवाज चढवणाऱ्या वकिलापुढे, स्वतःच्या हस्ताक्षरातल्या नोंदीवरून उत्तर द्यावे लागते. नोंद नीट असेल तर अर्धी उलटतपासणी तेथेच संपते.

तिची तयारी असेल तर या सुट्टीत तिला एखाद्या शनिवारी पणजीला किंवा मडगावला न्यायालयात घेऊन जा. सुनावणी बहुधा सर्वांसाठी खुली असते, फक्त बंद दाराआड चालणाऱ्या प्रकरणांत प्रवेश नसतो. शनिवारी कामकाज आहे का ते आधी विचारून घ्या. एखाद्या तज्ज्ञाची किंवा डॉक्टरांची साक्ष ऐकायला मिळाली तर या कामाची कल्पना तिला माहितीपत्रकापेक्षा चांगली येईल. राज्य सरकारच्या जागेसाठी गोव्यातल्या पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान लागते, मराठी येत असल्यास ते इष्ट मानतात. तो दाखला मामलेदार कार्यालयातून वेळेवर काढून ठेवा.